पत्र्याचा ट्रे की जाळीचा?

नवी शेड, मोकळं छत आणि शेवटपर्यंत न बदलणारं ड्रॉइंग, एवढं नशिबात असेल तर केबली वाहून न्यायला छिद्रांचा पत्र्याचा ट्रे घ्या, पुढचं वाचायचीही गरज नाही. अडीच मीटरचे तुकडे, बेंड (वळणाचे तुकडे) आणि टी (फाट्याचे तुकडे) तयार आलेले, जोडावर कपलर प्लेट लावली की पुढे. स्वस्तही पडतो.

चाकण-तळेगावकडची माझी बहुतेक कामं मात्र चालू कारखान्यांत असतात. वर बघावं तर एअर डक्ट, स्प्रिंकलरची लाइन, कुणाचा तरी जुना ट्रे. तयार बेंड येतो नव्वद नाहीतर पंचेचाळीस अंशांचा. जागेवर हवा असतो भलताच. डक्टखालून जायचं तर पत्र्याच्या दोन्ही कडांना व्ही काप घ्यायचा, तळ दुमडायचा, कडांना पट्ट्या मारून बोल्ट आवळायचे. चांगला फिटर हे देखणं करतो, नाही म्हणत नाही.

पण कापायचं ग्राइंडरनं, आणि ग्राइंडर म्हणजे हॉट वर्क परमिट, ठिणग्या उडणाऱ्या कामाची लेखी परवानगी. सकाळी सेफ्टीवाल्याच्या टेबलापुढे उभं राहा, एक्स्टिंग्विशर आणा, खाली फायर ब्लँकेट अंथरा, एक माणूस नुसता ठिणग्या बघायला ठेवा. काम संपलं तरी त्याला बराच वेळ हलवता येत नाही. सही होईपर्यंत फिटर मंडळींचा चहा होऊन जातो. शेजारी पेंट शॉप असेल तर परमिट विसराच, शटडाउनपर्यंत थांबा. नियम योग्यच आहे हो, पण एका वाकणासाठी माणूस किती सह्या गोळा करणार? शिवाय कापलेल्या कडेवरचा गंज रोखणारा जस्ताचा थर जळतो. तिथे झिंकचा स्प्रे मारायचा असतो, आणि छताकडची बाजू हमखास सुटते. पावसाळा सरला की तिथूनच तांबडा ओघळ.

जाळीच्या ट्रेला बोल्ट कटर पुरतो. आमच्याकडे त्याला उंचीवरच्या कामाचं परमिट लागतं, हॉट वर्कचं नाही. बाहेरच्या कडेची तार अखंड ठेवायची, आतल्या कडेच्या आणि तळाच्या तारा तोडायच्या, आणि गुडघ्याला टेकवून हवा तेवढा वाकवायचा. कोन मनासारखा नसेल तर आणखी एक चौकोन तोडा. कटर मात्र तिरप्या जबड्याचाच घ्या. साध्या कटरनं तारेला टोक राहतं आणि केबल ओढताना ते वरच्या कवचात घुसतं. टोकांना इथेही झिंक लावावं लागतं.

जाळी महाग पडते, हे खरं. शिवाय बारीक डेटा केबलींचा जाड गठ्ठा तारांवर दाबला जातो. तिथे मी गठ्ठे लहान बांधतो. जाड आर्मर्ड (पोलादी कवचाची) पॉवर केबल दोन्हींवर नकोच, ती लॅडरवर, म्हणजे शिडीसारख्या ट्रेवर. ट्रेवरच्या बारीक आर्मर्ड केबलीला वळणात व्यासाच्या बारापट त्रिज्या धरतात, म्हणजे वीस मिलिमीटरच्या केबलीला दोनशे चाळीस. पत्र्याच्या एका काटकोनात ती अडते. जाळीत तेच वळण दोन-तीन टप्प्यांत सोडवता येतं. कंट्रोल आणि इन्स्ट्रुमेंट केबलींसाठी, निदान चालू कारखान्यात, मी तरी हल्ली जाळीचंच कोटेशन देतो.

सरळ लाइन पत्र्याची आणि वळणं तेवढी जाळीची, असंही काही जण करतात. मालकाला खर्च खटकत असेल तर ते चालेल, फक्त पत्रा आणि जाळीच्या प्रत्येक जोडावर अर्थिंगचा जंपर, म्हणजे दोन्हींना जोडणारी तार, घालून घ्या.