ईट्रेक्स २२एक्स: जिओकॅशिंगसाठी घेतलेल्या स्वस्त जीपीएसचा पावसाळा ते उन्हाळा अनुभव

जिओकॅशिंगसाठी, म्हणजे अक्षांश-रेखांशावरून लपवलेली डबी शोधण्याच्या खेळासाठी, हातात धरायचा जीपीएस घेताना महागड्या मॉडेलवर जो जास्तीचा खर्च होतो, तो मुख्यतः शेवटच्या दहा मीटरांसाठी होतो आणि त्या दहा मीटरांत कोणत्याही जीपीएसचा फारसा उपयोग होत नाही, असे माझे मत गार्मिनचा ईट्रेक्स २२एक्स गेल्या जूनपासून पुण्याच्या टेकड्यांवर आणि आसपासच्या घाटवाटांवर वापरल्यानंतर पक्के झाले आहे. घेण्यापूर्वी मी याहून महाग मॉडेलांचाही विचार करत होतो. आज पुन्हा घ्यायची वेळ आली तर हाच घेईन, मात्र त्याच्या मर्यादा आधी समजून घेईन.

हा खेळच मुळी जीपीएसच्या अचूकतेतून जन्मला. अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली. तोवर सुमारे शंभर मीटरपर्यंत चुकणारी स्थाननिश्चिती त्यामुळे वीसेक मीटरांच्या आत आली आणि लगेच दुसऱ्या दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉन राज्यातल्या एका रानात वस्तूंनी भरलेली बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. नियम आजही जवळपास तेच आहेत. डबी शोधायची, आतल्या नोंदवहीत नाव आणि तारीख लिहायची, एखादी वस्तू घेतल्यास तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची आणि डबी होती तशीच लपवून परत यायचे.

फोन असताना वेगळे उपकरण कशाला, हा प्रश्न मला घरातही विचारला गेला आणि तो रास्त आहे. अँड्रॉइडवर सी:जिओसारखे मोफत अॅप आहे, फोनचा पडदा मोठा असतो आणि नेटवर्कची मदत मिळत असल्यामुळे फोनला पहिले स्थान काही सेकंदांत सापडते. शहरात आठवड्याच्या सुट्टीला एखादी कॅश, म्हणजे लपवलेली डबी, शोधणाऱ्याने वेगळा जीपीएस घेऊच नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. फरक जाणवतो तो जुलैच्या पावसात. ओल्या बोटांनी टचस्क्रीन चालत नाही, थेंब पडले की ते स्वतःच बटणे दाबू लागते आणि निसरड्या कातळावर महागडा फोन हातात धरून चालण्याची छाती होत नाही. ईट्रेक्सला टचस्क्रीन नाही. वर अंगठ्याने हलवायची छोटी कांडी आणि कडेला रबरी बटणे आहेत, ती ओल्या हातांनीही व्यवस्थित दाबली जातात. पाणीरोधकतेचा दर्जा आयपीएक्स७ आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी त्यात धरलेली आहे. सह्याद्रीतल्या संततधारेसाठी तेवढे पुरेसे ठरले. भर उन्हात मात्र मला वेगळाच फायदा दिसला. फोनचा पडदा दुपारी दिसेनासा होतो, तर हा पडदा पडलेल्या प्रकाशावरच उजळतो, त्यामुळे एप्रिलमध्ये मागचा दिवा पूर्ण बंद ठेवूनही नकाशा वाचता येतो.

निवड करताना माझ्यासमोर तीन पर्याय होते. सर्वांत स्वस्त ईट्रेक्स एसई. तो २०२३ साली आला, त्याची बॅटरी कंपनीच्या दाव्यानुसार १६८ तास चालते, त्यात ब्लूटूथ आणि डिजिटल होकायंत्रही आहे, परंतु पडदा कृष्णधवल आहे आणि नकाशा त्यात घालताच येत नाही. सपाट प्रदेशात नुसत्या बाणाच्या मागे जाणे शक्य असते. आपल्याकडे बाण दाखवतो त्या सरळ रेषेत दरी, खाण किंवा सोसायटीची भिंत असते, म्हणून नकाशा नसलेले यंत्र मी नाकारले. दुसरा पर्याय २२एक्स: २.२ इंची रंगीत पडदा, ८ जीबी जागा, वर मेमरी कार्डाची सोय, जीपीएस आणि रशियाची ग्लोनास या दोन्ही प्रणाली, आणि सेलसह सुमारे १४२ ग्रॅम वजन. तिसरा ३२एक्स. हे २२एक्सचेच भावंड असून त्यात तीन अक्षांचे इलेक्ट्रॉनिक होकायंत्र आणि हवेच्या दाबावरून उंची मोजण्याची सोय जास्तीची मिळते. २०१९ साली दोन्ही बाजारात आले तेव्हा त्यांच्या जाहीर किमतींत सुमारे शंभर डॉलरांचा फरक होता. हा फरक द्यावा की न द्यावा, हाच खरा प्रश्न आहे आणि त्याकडे मी पुढे वळेन. उपग्रहामार्फत संदेश पाठवणाऱ्या इनरीचसारख्या उपकरणांचा विचार मी केलाच नाही, कारण भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ती बाळगणे बेकायदा आहे. परदेशातल्या नातेवाइकांकडे खरेदीची यादी पाठवणाऱ्यांनी ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी. नुसते सिग्नल ग्रहण करणाऱ्या जीपीएसला ही अडचण नाही.

आता प्रत्यक्ष मैदानातला अनुभव. वेताळ टेकडीच्या उघड्या माथ्यावर हे यंत्र तीन ते पाच मीटरांची अचूकता दाखवते आणि तिथे तिच्यावर विश्वास ठेवता येतो. टेकडीच्या उतारावर गिरिपुष्पाच्या दाट लागवडीत, विशेषतः ऑगस्टमध्ये पाने ओली असताना, तोच आकडा वाढतो आणि स्थान हळूहळू सरकत राहते. उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने गळाली की त्याच जागी ते पुन्हा स्थिर होते. सिंहगडाच्या कड्याखाली चालताना निम्मे आकाश कातळाने झाकलेले असते आणि उरलेल्या उपग्रहांचे काही सिग्नल कड्यावर आपटून उशिरा पोहोचतात, त्यामुळे आपण वाटेवर असताना पडद्यावरची खूण थेट दरीत उभी दिसते. कसबा पेठेतल्या बोळांत हाच प्रकार इमारतींमुळे होतो. ग्लोनास चालू ठेवल्याने अशा ठिकाणी निश्चित मदत होते, थोडी बॅटरी जास्त गेली तरी हरकत नाही. पडद्यावर लिहिलेली ‘तीन मीटर’ ही हमी नसून यंत्राने स्वतःबद्दल बांधलेला अंदाज असतो, हेही सांगायला हवे.

शिवाय डबी लपवणाऱ्याच्या जीपीएसमध्येही अशीच चूक असते. त्याची चार-पाच मीटर आणि आपली चार-पाच मीटर, दोन्ही विरुद्ध दिशांना पडल्या तर बाण शून्य दाखवत असताना डबी दहा मीटरांवर असू शकते. म्हणूनच होकायंत्राचा मुद्दा मला निराळा वाटतो. २२एक्समध्ये इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नाही. आपण चालत असताना आधीच्या आणि आताच्या स्थानावरून तो दिशा काढतो, आणि आपण थांबलो की बाण एक तर थिजतो किंवा वाटेल तिकडे फिरू लागतो. नवीन माणूस नेमका डबीजवळ थांबतो, बाण फिरतो, तो बाणामागे फिरतो आणि यंत्राला नावे ठेवतो. ३२एक्सचा बाण उभे असतानाही दिशा दाखवतो, हे खरे. पण त्याचे होकायंत्र सेल बदलल्यावर पुन्हा जुळवून घ्यावे लागते, लोखंडी कुंपणाजवळ ते बहकते, आणि मुख्य म्हणजे दहा मीटरांच्या अनिश्चिततेत अचूक दिशा मिळून हाती फारसे काही लागत नाही.

त्यावर मी वापरत असलेली पद्धत जुनी आणि बिनखर्चाची आहे. अंदाजे तीस मीटर अंतरावरून एका दमात, न थांबता, बाणाच्या दिशेने चालत जायचे आणि ती रेषा एखाद्या झाडावर किंवा खडकावर डोळ्यांनी धरून ठेवायची. मग बाजूला जाऊन साधारण काटकोनातून पुन्हा तसेच चालत यायचे. दोन रेषा जिथे छेदतात तिथे यंत्र खिशात घालायचे आणि ‘मी लपवली असती तर कुठे?’ हा प्रश्न स्वतःला विचारायचा. ज्यांना उभ्या जागी दिशा हवीच आहे, त्यांनी साधे सुईचे होकायंत्र गळ्यात अडकवावे. पुण्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहून कमी फरक आहे, त्यामुळे कसलाही हिशेब करावा लागत नाही. फक्त ते खडकावर टेकवू नये, कारण आपल्या काळ्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असते आणि सुई कधीकधी तिकडे ओढली जाते. उंचीमापकाबद्दल एवढेच की उपग्रहांवरून काढलेली उंची आडव्या स्थानाहून जास्त चुकते. गडाच्या चढाचा अभ्यास करणाऱ्याला ती खटकेल, कॅश शोधणाऱ्याला नाही.

अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या पद्धतीकडे सुरुवातीलाच लक्ष द्यावे. कॅशेचे आकडे अंश आणि दशांश मिनिटांत दिलेले असतात, तर फोनवरचे नकाशे बहुधा दशांश अंशांत आकडे देतात. १८.५२०४ अंश म्हणजे १८ अंश ३१.२२४ मिनिटे. ते कोणी १८ अंश ५२.०४ मिनिटे असे भरले, तर यंत्र अत्यंत आज्ञाधारकपणे त्याला सुमारे ३८ किलोमीटर उत्तरेला नेईल. मिनिटाच्या तिसऱ्या दशांश स्थळाचा एक अंक पुण्यात उत्तर-दक्षिण सुमारे १.८ मीटर आणि पूर्व-पश्चिम त्याहून किंचित कमी भरतो, म्हणजे शेवटचा अंक चुकला तरी फार बिघडत नाही, त्याआधीचा चुकला तर मात्र शोध भलत्याच झुडपात होतो. यंत्राच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूजीएस ८४ हीच मापनप्रणाली ठेवावी. यादीत भारताच्या नावाचे जुने पर्याय दिसतात, देशप्रेमापोटी ते निवडू नयेत.

आकडे कांडीने एकेक करून भरणे कंटाळवाणे आहे. खेळाच्या संकेतस्थळाचे सशुल्क सभासदत्व असल्यास कॅशेंची माहिती असलेली जीपीएक्स फाइल केबलने थेट यंत्रात टाकता येते आणि मग वर्णन, इशारा, आधीच्या शोधकांचे शेरे, सगळे त्या छोट्या पडद्यावर वाचता येते. या मॉडेलमध्ये ब्लूटूथ नाही, म्हणून घरून निघण्यापूर्वी संगणकाशी जोडणे अटळ आहे, आणि त्यासाठी जुनी मिनी यूएसबी केबल लागते, जी आजच्या कोणत्याही फोनची नसते. एक जास्तीची केबल घेऊन ठेवावी, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, ती अजून मिळते. सोबत येणाऱ्या नकाशात टेकड्यांवरच्या पायवाटा पुरेशा नसतात. लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत ओपनस्ट्रीटमॅपवरून गार्मिनसाठी तयार केलेली नकाशा फाइल मेमरी कार्डावरच्या ‘गार्मिन’ फोल्डरमध्ये टाकली की कात्रज ते सिंहगडच्या डोंगररांगेसारख्या वाटा बऱ्यापैकी दिसू लागतात. पडद्याच्या छोट्या आकाराची सवय करून घ्यावी लागते. चाळिशीचा चष्मा असणाऱ्यांनी घेण्यापूर्वी एकदा हातात घेऊन पाहावा.

बॅटरीबद्दल मी समाधानी आहे. दोन पेनसेलवर २५ तास असा कंपनीचा दावा आहे. मी पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरतो आणि दिवा कमी ठेवल्यास मुक्कामाच्या ट्रेकचे दोन्ही दिवस एकाच जोडीवर निघतात. सेलचा प्रकार सेटिंगमध्ये बरोबर निवडावा, कारण या सेलचा व्होल्टेज साध्या सेलहून कमी असतो आणि चुकीच्या निवडीत यंत्र भरलेल्या सेललाही अर्धे रिकामे समजते. एखाद्या वाडीतल्या किराणा दुकानातही पेनसेल मिळतात, ही सोय कोणत्याही पॉवर बँकेपेक्षा मला मोठी वाटते.

पुण्यात कॅशेंची संख्या युरोपातल्या शहरांच्या मानाने अगदी थोडी आहे, त्यामुळे केवळ या खेळासाठी एवढा खर्च करणे सगळ्यांना पटणार नाही. ज्यांना ट्रेकिंगही करायचे आहे त्यांचे पैसे वसूल होतील. स्वतः कॅश लपवायची असेल तर ‘वेपॉइंट अॅव्हरेजिंग’ ही सोय फार मोलाची आहे. एकाच जागेचे चार ते आठ नमुने, दोन नमुन्यांत किमान दीड तास सोडून घेतले की सरासरी स्थान बरेच विश्वासार्ह होते. दुसऱ्या कॅशपासून १६१ मीटर अंतर राखायचे आणि डबी जमिनीत पुरायची नाही, हे नियम आहेतच. शनिवारवाडा किंवा पाताळेश्वरासारखी संरक्षित स्मारके आणि गर्दीच्या जागा मात्र पूर्ण वर्ज्य समजाव्यात. २०१० मधला जर्मन बेकरीचा आणि २०१२ मधले जंगली महाराज रस्त्यावरचे स्फोट पाहिलेल्या या शहरात बेवारस डबी ही गंमत ठरत नाही. पारदर्शक डबी, बाहेर खेळाचे नाव आणि आत मराठीत लिहिलेली चिठ्ठी, एवढे तरी करावे. शोधतानाही हातातला जीपीएस उपयोगी पडतो, कारण झुडपात फोन घेऊन वाकलेल्या माणसापेक्षा असले यंत्र घेतलेला माणूस काहीतरी मोजणी करत असावा असे लोकांना वाटते. तरीही टेकडीवर सकाळी फिरायला येणारे एखादे आजोबा ‘काय हरवलं?’ असे विचारून शोधात सामील होतातच, आणि त्यांना सगळे समजावून सांगणे हाच उत्तम मार्ग आहे.

याहूनही कमी खर्चात भागवायचे असल्यास जुना ईट्रेक्स १० किंवा ईट्रेक्स २० वापरलेला मिळू शकतो. १० मध्ये नकाशा घालता येत नाही, २० मध्ये येतो, म्हणून थोडे जास्त देऊन २० घ्यावा. २००० सालच्या सुमाराच्या पिवळ्या ईट्रेक्सच्या वाटेला जाऊ नये, त्याला सिरियल केबल लागते. वापरलेले कोणतेही यंत्र घेताना ते उघड्यावर नेऊन चालू करावे आणि स्थान मिळेपर्यंत थांबावे. बराच काळ बंद असलेल्या यंत्राला उपग्रहांची पूर्ण माहिती उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, तेवढा विक्रेत्याशी गप्पांत घालवावा. स्थान आल्यावर तारीख पाहावी. जीपीएसचा आठवड्यांचा मोजक दर १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो आणि ६ एप्रिल २०१९ रोजी तो तसा आला, तेव्हा न सुधारलेली काही जुनी यंत्रे सुमारे साडेएकोणीस वर्षे मागची तारीख दाखवू लागली. त्यांचे स्थान बहुधा बरोबर असते, पण किंमत पाडून मागायला ते कारण चांगले आहे. शेवटी मागचे झाकण उघडून सेलच्या पट्ट्यांवर हिरवट थर नाही ना आणि केबलच्या जागेवरचे रबरी बूच घट्ट बसते ना, एवढे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.