स्लोप शोधायचे: ग्रोब्नर की बहुपृष्ठक?

अमरावती रोडवरच्या कॅम्पसमध्ये पीएचडी करणाऱ्या मैत्रिणीचा प्रश्न होता: हायपरजिओमेट्रिक प्रणालीची (पूर्णांकांच्या मॅट्रिक्सवरून बनणाऱ्या विकलक समीकरणांच्या संचाची) अनियमितता, म्हणजे उत्तरं काही ठिकाणी घातांकी रीतीने बिघडणं (किती तीव्र, ते ‘स्लोप’ हे आकडे सांगतात), ग्रोब्नर बेसिसने (समीकरणं संगणकावर सोयीच्या रूपात आणण्याच्या रीतीने) तपासू, की शुल्झे-वॉल्थर या गणितज्ञांच्या बहुपृष्ठकांच्या (मॅट्रिक्सच्या स्तंभांवरून बनणाऱ्या सपाट बाजूंच्या आकृत्यांच्या) रीतीने?

मेहनतीचं बघ. मॅट्रिक्स (1 2) घे. त्यातून चक्क उष्णतेचं समीकरण आणि सोबत एक ऑयलर समीकरण (चलांचं माप बदललं की उत्तर कसं बदलतं ते सांगणारं) मिळतं. 1 आणि 2 हे स्तंभ मूळबिंदू टाळणाऱ्या एका अधिप्रतलावर (इथे ते म्हणजे फक्त एक बिंदू) बसत नाहीत, म्हणजे प्रणाली अनियमित. कागदावर दोन ओळी! उष्णतेचं ओळखीचं घातांकी उत्तर काळ शून्य असताना जिथे बिघडतं, तिथेच ही अनियमितता दिसते. मला हे फार सुंदर वाटतं. ग्रोब्नरमध्ये चलं वाढली की संगणक दमतो.

व्याप्तीत मात्र ग्रोब्नर सरस, कोणतंही होलोनॉमिक डी-मॉड्यूल (मोजकीच स्वतंत्र उत्तरं असलेला रेषीय विकलक समीकरणांचा संच) चालतं. बहुपृष्ठकं फक्त मॅट्रिक्सवर उभ्या प्रणालींसाठी, तेही निर्देशक उपावकाशांलगत (जिथे काही चलं शून्य असतात).

तुझा प्रबंध मॅट्रिक्सवर असेल तर बहुपृष्ठकं घे. समीकरणं इतर कुठून आली असतील तर ग्रोब्नर.