वर्गाची सजावट हाताने करायची, पण कशाची? कागद, पुठ्ठा, थर्माकोल की कापड

सामान आणायला निघण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे भिंतीवर किती दिवस राहणार? आठवडाभर, एक सत्र की पुढची चार वर्षं? बहुतेक जण आधी रंग ठरवतात, मग आकार, मग समोर दिसेल ते उचलतात. महिन्याभराने तीच माळ एका टोकाने सुटून लोंबत असते आणि ती काढायला कुणाला वेळ नसतो. मी बरीच वर्षं लहान मुलांचा वर्ग सांभाळते. खाली लिहिलेली जवळजवळ प्रत्येक चूक मी एकदा तरी केली आहे. त्यामुळे ‘सुंदर काय दिसतं’ यावर ही तुलना नाही. पहिल्या दिवशी सगळंच सुंदर दिसतं.

कागदातले कागद

घोटीव कागद सगळ्यांच्या ओळखीचा. एका बाजूने चकचकीत, मागून पांढरा, पातळ. घडी कडक पडते आणि पहिलीतल्या मुलाच्या बोथट कात्रीनेही कापला जातो. कातरकाम, चिकटकाम, साखळ्या यांना याच्यासारखा दुसरा नाही. मोठा आकार कापून नुसता टांगला मात्र, की दोन दिवसांत कडा आत वळतात. फूलपाखरू टांगावं आणि सुरळी मिळावी, अशी गत.

पतंगी कागद घोटीवपेक्षाही पातळ, पण त्यातून उजेड आरपार येतो. खिडकीच्या काचेवर लावला तर तो जसा दिसतो तसा भिंतीवर कधीच दिसत नाही. ओला गम लावला की सुरकुततो, म्हणून त्याला ग्लू स्टिक. मोठे गोंडे करायलाही हाच: आठ-दहा कागद एकावर एक ठेवून पंख्यासारख्या घड्या घालायच्या, मध्ये दोरा आवळायचा आणि एकेक पदर सोडवत वर उचलायचा. हे सोडवायचं काम घाईच्या माणसाचं नाही.

क्रेप कागद एका दिशेने ताणला जातो, म्हणून फुलांच्या पाकळ्यांना आणि झिरमिळ्यांना उत्तम. त्याचा शत्रू पाणी. मी एकदा खिडकीच्या चौकटीभोवती लाल क्रेपच्या झिरमिळ्या लावल्या होत्या. रात्री पाऊस आत आला. सकाळी चौकटीपासून जमिनीपर्यंत लाल ओघळ उतरले होते आणि एका मुलाने मोठ्या गांभीर्याने विचारलं, “बाई, इथे कोणाला लागलं?” भिंत पुन्हा रंगवेपर्यंत ते डाग राहिले. क्रेप लावा, पण खिडकी आणि बेसिनपासून लांब.

कार्डशीट या तिघांपेक्षा जाड. कागदाची जाडी ज्या ‘जीएसएम’ने सांगतात तो आकडा म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा नेहमीचा कागद ८० जीएसएमचा. सोळा ए-४ मिळून एक चौरस मीटर होतो, म्हणजे असा एक कागद बरोबर ५ ग्रॅमचा. टांगायच्या वस्तूला १८० ते २५० जीएसएमचं कार्ड घ्या. ते वळत नाही आणि मुलांच्या कात्रीला अजून झेपतं. त्यापुढचं जाड कार्ड कापायला मोठा माणूस लागतो.

प्रत्येक कागदाला लाकडासारखी एक दिशा असते. हलकेच आडवा आणि उभा वाकवून बघा; एकीकडे तो सहज वाकतो, दुसरीकडे विरोध करतो. घडी सहज वाकणाऱ्या दिशेने घातली तर स्वच्छ पडते, उलट घातली तर जाड कार्डाची घडी तडकते.

साखळी की पताका?

हे दोन पर्याय नेहमी एकमेकांसमोर येतात, म्हणून एकदा हिशेब मांडून पाहिला. पाच मीटर लांबीची माळ हवी आहे असं धरा.

साखळीसाठी ए-४ कागदाच्या २१ सेंटीमीटर लांब आणि ३ सेंटीमीटर रुंद पट्ट्या. एका कागदातून नऊ निघतात. चिकटवायला एक सेंटीमीटर गेला की कडी साधारण ६.४ सेंटीमीटर व्यासाची होते. पाच मीटरला सुमारे ८० कड्या, म्हणजे नऊ कागद. पताकांचं पाहू: १४ सेंटीमीटर पाया आणि २० सेंटीमीटर उंची असलेले तीन त्रिकोण, एक सुलटा, एक उलटा, एक सुलटा, एका ए-४ मध्ये बसतात. दोन पताकांमध्ये ६ सेंटीमीटर जागा सोडली तर पाच मीटरला २५ पताका. त्यालाही नऊच कागद!

कागद सारखाच, मग फरक श्रमाचा. साखळीत ८० वेळा चिकटवायचं, पताकांत २५ वेळा. तुम्ही एकट्याच घरी बसून करणार असाल तर पताका करा, अर्ध्या तासात मोकळ्या व्हाल. तीस मुलं समोर असतील तर साखळीच. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन कड्या येतात, कुणाची कडी वाकडी झाली तरी साखळीत खपून जाते, आणि ‘माझी कडी कुठली’ हे शोधायला मुलं आठवडाभर मान वर करून फिरतात. वाकडी पताका मात्र लगेच डोळ्यात येते.

टिकण्याचं म्हणाल तर पताका जिंकतात. साखळीची एक कडी सुटली की सगळी माळ खाली. पताका दोरीवर असतात, एक गेली तर एकच गेली.

पुठ्ठा, थर्माकोल, फोम

पुठ्ठ्याबद्दल मी पक्षपाती आहे, आधीच सांगते. सामानाच्या खोक्यांचा, आत लाटा असलेला पुठ्ठा फुकट मिळतो, उभा राहतो, आणि त्याचं झाड, घर, आगगाडी काहीही होतं. लाटांच्या दिशेने तो आपणहून वाकतो. आडवा वाकवायचा असेल तर फक्त वरचा थर कटरने हलका चिरायचा आणि चिरेच्या उलट्या बाजूला घडी घालायची. कटर मोठ्यांच्याच हातात. कापायचं काम आदल्या रात्री घरी करून न्या, रंगवायचं मुलांवर सोडा. आमच्या वर्गातलं एक पुठ्ठ्याचं झाड तीन वर्षं उभं होतं. पानं दर महिन्याला बदलायची, खोड तेच.

थर्माकोल हलका, पांढराशुभ्र, कापायला सोपा. माझं मत: घेऊ नका. कापताना त्याचे कण सगळीकडे चिकटतात, तो सहज पेट घेतो, फेकल्यावर कुजत नाही. शिवाय एक खोड आहे जी कुणी सांगत नाही. चपला चिकटवायच्या वासाच्या सोल्युशनसारखा गम लावला तर तो थर्माकोललाच विरघळवतो. मी एक मोठा सूर्य असा चिकटवला होता. दुसऱ्या दिवशी सूर्याच्या पोटात मूठभर खड्डा होता. पांढरा गम चालतो, पण वाळायला रात्र जाते.

फोम शीटला पाणी लागत नाही, रंग पक्का असतो, कडा मऊ असतात. अंक, आकार, अक्षरं अशा सारख्या हाताळायच्या वस्तूंना चांगलं. नुसतं भिंतीवर लावायला उगाच महाग.

चमकीचं एका वाक्यात: सुटी चमकी वर्गात नेली की ती पुढच्या वर्षीही डब्यात सापडते. ती बहुतेक प्लास्टिकची असते. युरोपीय संघाने १७ ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध आणले ते त्यामुळेच.

कापड

कापडाची सजावट म्हणजे सुरुवातीला कष्ट, मग वर्षानुवर्षं आराम. पताका शिवून घेतल्या तर धुता येतात, घडी घालून ठेवता येतात, वर्ग बदलला तरी सोबत नेता येतात. शिवणयंत्र नसेल तर फेल्ट घ्या. ते विणलेलं नसतं, तंतू दाबून केलेलं असतं, म्हणून कापलेल्या कडेतून धागे निघत नाहीत. सुती कापडाला नागमोडी कात्री वापरली तर धागे सुटणं बरंच कमी होतं. रंग द्यायचा तर ॲक्रिलिक किंवा कापडाचा. पोस्टर कलर पहिल्याच धुण्यात जातो. वर्गात कुणाला धुळीचा त्रास असेल तर दर महिन्याला झटकणं आलंच.

दरवर्षी नवा वर्ग मिळणाऱ्या शिक्षकाने कापडात वेळ घालवावा. एका कार्यक्रमापुरतं करणाऱ्याने मुळीच नाही.

अक्षरं कापायची तर

वर्गाचं नाव, ‘वाचनकोपरा’, महिन्यांची नावं: ही कापीव अक्षरं प्रत्येक वर्गात लागतात. रोमन अक्षरं एकेक कापून ओळीत लावावी लागतात आणि ओळ हमखास तिरकी जाते. आपल्याकडे शिरोरेषा आहे. पूर्ण शब्द शिरोरेषेसकट एकाच तुकड्यात कापा, अक्षरं आपोआप सरळ रेषेत लटकतात आणि भिंतीला दोनच ठिकाणी चिकटवावं लागतं. ग, ण, श यांचा सुटा काना शिरोरेषेमुळेच जागेवर राहतो. शिरोरेषा दीड-दोन सेंटीमीटर जाड ठेवा, बारीक ठेवली तर शब्द मधेच मोडतो.

अडचण येते ती ध, भ, थ यांच्याशी. यांच्या डोक्यावर डावीकडे शिरोरेषा तुटते, म्हणजे मागच्या अक्षराशी सांधा राहत नाही आणि शब्दाचे दोन तुकडे पडतात. मागून पातळ पट्टी लावून जोडून घ्या. व, ब, म यांच्या पोटातली भोकं कापत बसू नका, काळ्या स्केचपेनने रंगवा. लांबून फरक कळत नाही. मात्रेचं मूळ जरा जाड ठेवा. अनुस्वार तर सुटाच, तो वेगळा चिकटवायचा आणि हरवायचाही तोच.

आकारासाठी ढोबळ नियम: दर तीन मीटर अंतराला अडीच सेंटीमीटर उंची. शेवटचा बाक साडेसात मीटरवर असेल तर अक्षर निदान सव्वासहा सेंटीमीटर हवं, तेही वेलांट्या, मात्रा, उकार सोडून.

किती लावायचं

इथे माझं मत बदललं आहे. पूर्वी भिंतीचा वीतभर तुकडा रिकामा दिसला तरी मला कसंसंच व्हायचं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी बालवाडीच्या मुलांना एकाच खोलीत, कधी भिंती भरून तर कधी मोकळ्या ठेवून, धडे शिकवले. भरलेल्या भिंती असताना मुलांचं लक्ष ३८.६ टक्के वेळ भलतीकडे होतं, मोकळ्या असताना २८.४ टक्के. चाचणीत बरोबर उत्तरं अनुक्रमे ४२ आणि ५५ टक्के आली.

याचा अर्थ भिंती ओक्याबोक्या ठेवा असाही नाही. इंग्लंडमधल्या सॅलफर्ड विद्यापीठाने २०१५ मध्ये २७ शाळांतल्या १५३ वर्गांचा अभ्यास मांडला. त्यात फार भकास आणि फार गजबजलेले, दोन्ही वर्ग मागे पडले. भिंतीचा २० ते ५० टक्के भाग मोकळा ठेवावा, असा त्यांचा सल्ला. मी आता फळ्याभोवतीची भिंत कोरी ठेवते आणि सजावट मागच्या व बाजूच्या भिंतींवर नेते. सहा वर्षांच्या मुलाची नजर जमिनीपासून साधारण एक मीटरवर असते. आपण मात्र आपल्या उंचीला लावतो आणि मग मुलं बघत नाहीत म्हणून खट्टू होतो.

तुम्ही करणार की मुलं?

घरी बसून केलेली सजावट नीटनेटकी होते, पालकसभेत कौतुक होतं. मुलांनी केलेली वाकडीतिकडी होते, गम सांडतो, एक तास जातो. तरी मुलं थांबून बघतात ती स्वतःची. माझा तोडगा मधला आहे: सांगाडा घरी, अंग मुलांचं. पुठ्ठ्याचं खोड, दोरी, शब्दांच्या पट्ट्या मी करून नेते. पानं, कड्या, मासे, चेहरे त्यांचे. चौथीच्या पुढच्या मुलांना सांगाडाही द्या, त्यांना तुमची मदत नको असते. हॉट ग्लू गन मात्र कुठल्याच वयाच्या मुलांकडे नको; तिचा गम साध्या गनमध्येही सुमारे १९० अंश सेल्सियसपर्यंत तापतो.

लावायचं कशाने

साधी चिकटपट्टी भिंतीचा रंग घेऊन उतरते. मास्किंग टेप हलक्या कागदाला चालते आणि अलगद निघते. डबल साइड टेप मजबूत, पण उतरवताना भिंत खरवडावी लागते. पिठाची खळ स्वस्त आणि मुलांच्या हाताला निर्धोक, फक्त ती कसरीला फार आवडते, म्हणून वर्षभर राहणाऱ्या वस्तूला नको. यातलं काहीच नको असेल तर दोन खिळ्यांमध्ये ताणलेली दोरी आणि कपड्यांचे चिमटे. चित्रं बदलायला मिनिट लागत नाही. पंख्याखाली काहीही टांगू नका, दोऱ्याचा गुंता सोडवण्यात मधली सुट्टी जाते.

हाताशी एकच संध्याकाळ असेल तर कार्डशीटच्या पताका आणि एक दोरी-चिमटे, एवढंच करा. आठवडा असेल तर पुठ्ठ्याचं झाड. सुट्टी लागायला महिना असेल आणि पुढची काही वर्षं शिकवायचंच असेल, तर फेल्ट आणा.

उतरवल्यावर पताकांची दोरी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळा, घडी घालू नका. कापलेले शब्द दोन वर्तमानपत्रांमध्ये सपाट ठेवा. वर्तमानपत्र उन्हाने लवकर पिवळं पडतं, कपाटातही पडतं, पण हळूहळू. आणि अनुस्वार एका छोट्या पाकिटात, पाकिटावर ‘अनुस्वार’ असं लिहून.