आकडा तेवढा बावीसचा होता

लेकीचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. "आई, ती बोरमाळ कुठनं घेतली होतीस गं?" एवढंच तिनं विचारलं. पण आवाजावरनं कळलं, काहीतरी बिनसलंय.

तिचं सासर आटपाडीकडं, डाळिंबाची बाग आहे. फवारणी आणि खतासाठी पैसे हवे होते म्हणून जावई बँकेत सोनेतारण करायला गेले होते, बरोबर व्याही. बँकेच्या सराफानं आधी माळेचा आकडा, म्हणजे माळ अडकवायची कडी, कसोटीच्या दगडावर घासला, आम्लाचा थेंब टाकला. रेघ तशीच राहिली. मग त्यानं एक मणी घासला. थेंब पडला तशी ती रेघ फिकी होत होत गेलीच. माळ बाजूला सारून तो म्हणाला, "ही राहू द्या घरी. पाटल्या असतील तर बघू."

व्याही तिथं काही बोलले नाहीत. घरी येऊनही नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. मुलीच्या आईनं लग्नात हिणकस सोनं घातलं, हे न बोलता माणसाच्या मनात राहिलं की त्याला उत्तर तरी कसं द्यायचं?

आता खरेदीचं सांगते. २०१७ साल, मार्गशीर्षातलं लग्न. सराफ आमच्या सासूबाईंपासूनचा. पेढीवर गेलं की आधी चहा, मग "बाई, शाळा कशी चाललीय?", मग मखमली डबे. अशा माणसाला "बिल द्या" म्हणायला जीभ रेटत नाही. त्या वर्षी जुलैत जीएसटी आला होता, सोन्यावर तीन टक्के. शेठच म्हणाले, "कशाला सरकारला भरताय? घरचंच आहे." तीन टक्के म्हणजे २,८६३ रुपये. ते वाचले म्हणून मी बसमध्ये ह्यांना दोनदा सांगितलं होतं.

हातात मिळाली ती वहीचा अर्धा कागद फाडून केलेली चिठ्ठी. पेन्सिलीनं लिहिलेलं: बो. मा. २८.४००, भाव ३०,०००, घडणावळ १२ टक्के, एकूण ९५,४२४. वर दुकानाचं नाव नाही, खाली सही नाही, कॅरेटचा उल्लेख नाही. तोंडी मात्र सगळं होतं. "बावीस कॅरेट, केडीएम, हे बघा नऊशे सोळाचा शिक्का." भिंग माझ्या हातात देऊन त्यांनी आकड्यावरचा शिक्का दाखवला. मी पाहिला आणि समाधान पावले. तीस वर्षं चौथीच्या पोरांना "उदाहरण नीट वाचा, मग सोडवा" म्हणून सांगणारी मी!

त्या चिठ्ठीत तीन चोऱ्या होत्या. एकही मला दिसली नाही.

त्या उलगडून दाखवल्या आमच्या चुलत दिरांनी. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं दुष्काळानं बाहेर पडली आणि देशभर गलाईची दुकानं टाकून बसली. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याचा धंदा. दीर कोइमतूरला असतात आणि जत्रेला गावी येतात. घरात गलाईवाला असताना आम्ही फसावं, याची लाज वेगळीच. २०१७ ला त्यांना एक फोन केला असता तर? पण दागिना घेणं हे बायकांचं काम आणि त्यात विचारायचं काय, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं.

त्यांनी विट्यात ओळखीच्या दुकानात माळ नेली. मी बरोबर गेले. आधी माळ कॅरेट मोजायच्या मशीनखाली ठेवली. पडद्यावर आलं ९१.२. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, बँकवालाच चुकला. भावजी हसले. "वहिनी, मशीन कातडी बघतंय. वरनं सोन्याचं पाणी दिलंय, ते वाचतंय ते. आतलं त्याला काय माहीत?" क्ष-किरणांचं हे मशीन दागिन्याच्या अगदी वरच्या थराचंच वाचन देतं, हे मला त्या दिवशी कळलं. बँकेच्या सराफानं मणी जोर देऊन घासला होता, म्हणून त्याला खालचं दिसलं.

मग मुशीत माळ गेली. ज्योत लागली तसा मण्यांतून काळा धूर निघाला आणि लाखेचा तो ओळखीचा वास आला, पोस्टाच्या जुन्या पाकिटांचा. बोरमाळेचे मणी पोकळ असतात. ते चेपू नयेत म्हणून आत लाख भरतात. ही काही लबाडी नव्हे, रीतच आहे. लबाडी ही, की लाख आणि दोरा सोन्याच्या भावानं तोलून दिला. टाकणखार टाकला, पिवळं पाणी फिरलं, गार झालं, लगड तागडीत पडली. २३.२०० ग्रॅम. आटणीत किरकोळ घट जाते ती सोडली, तरी पाच ग्रॅमच्या वर नुसती लाख आणि दोरा.

आता लगड मशीनखाली. आटवल्यावर आतबाहेर सगळं एक होतं, मग वरच्या मुलाम्याला लपायला जागा राहत नाही. ७५.२. म्हणजे अठरा कॅरेट. भावजी म्हणाले, शिक्का मारलेला आकडा तेवढा बावीसचा असणार, मण्यांचा पत्रा हलका. घासून बघणारा बहुतेक वेळा आकडाच घासतो, हे करणाऱ्याला पक्कं माहीत होतं.

तिसरी चोरी भावाची. २२ कॅरेट म्हणजे शंभरात ९१.६ भाग सोनं, म्हणून त्याला ९१६ म्हणतात. पण शेठनी लावलेला दहा ग्रॅमला तीस हजारांचा भाव २४ कॅरेटचा, शुद्ध सोन्याचा होता. बावीसचा साडेसत्तावीस हजारांच्या आसपास निघायला हवा होता. भावजींनी त्याच चिठ्ठीच्या मागे हिशेब मांडला. २३.२ ग्रॅममध्ये शुद्ध सोनं १७.४५ ग्रॅम. त्याच दिवसाच्या भावानं त्याची किंमत ५२,३३९ रुपये. मी सोन्यापोटी मोजले ८५,२००. म्हणजे बत्तीस हजार आठशे पाण्यात, आणि खोट्या वजनावरची घडणावळ वेगळी. २,८६३ वाचवायला गेले होते मी!

आणि इथं मी सगळ्यात मोठी चूक केली होती, ती लगड घेऊन पेढीवर गेल्यावर कळली. गादीवर आता मुलगा बसतो. चहा आला नाही. चिठ्ठी बघून म्हणाला, "काकू, हे आमचं अक्षर नाही." लगड बघून म्हणाला, "अशी लगड घेऊन कुणीही येईल हो." यावर काय बोलणार? माळच राहिली नव्हती. पुरावा मी स्वतः, उभी राहून, पैसे देऊन आटवून घेतला होता. तर ज्यांना अशी शंका येईल त्यांनी रागाच्या भरात दागिना आटवू नका. बीआयएसनं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोनं, मान्यता दिलेल्या तपासणी व हॉलमार्किंग केंद्रात तो आहे तसा न्या. तिथं कुणालाही आपलं सोनं तपासून मिळतं, चार नगांपर्यंत २०० रुपये आकार आहे आणि लेखी अहवाल मिळतो. दागिना हॉलमार्कचा, म्हणजे अशा केंद्रात तपासून ठसा मारलेला, असून कस कमी भरला, तर जेवढा कमी त्या फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागता येतो, असा बीआयएसचा नियम आहे. माझ्याकडं बिल नव्हतं आणि हॉलमार्कही नव्हता. नुसता '९१६' म्हणजे हॉलमार्क नव्हे. तो ठसा कुणीही ठोकतो. केडीएम हाही कस नव्हे. ते कॅडमियम घालून केलेल्या डाकाचं, म्हणजे सांधे जोडायच्या धातूचं नाव आहे आणि त्याचा धूर कारागिराच्या फुप्फुसात जातो तो जातोच.

२०१७ मध्ये हॉलमार्क ऐच्छिक होता. १६ जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा स्वतःचा ओळख क्रमांक, असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. आता दागिन्यावर तीन खुणा शोधायच्या: बीआयएसचा त्रिकोण, कसाचा आकडा आणि हा एचयूआयडी. कुंदन, पोलकी, जडावाचं काम आणि दोन ग्रॅमच्या आतले नग सक्तीतून सुटलेत, तिथं जपूनच. आणि हो, "हॉलमार्क आहे ना?" एवढं विचारून थांबू नका. ७५० म्हणजे अठरा, ५८५ म्हणजे चौदा, ३७५ म्हणजे नऊ कॅरेट, आणि हॉलमार्क या सगळ्यांवर असतो. भाव इतके चढल्यावर हलक्या कॅरेटचा माल काचेत पुढं मांडलेला असतो आणि तो काही खोटा नसतो. पैसे बावीसचे लावले तरच तो खोटा.

बिलात ग्रॉस (लाखेसकट) वजन, नेट (नुसत्या सोन्याचं) वजन, कॅरेट, त्या कॅरेटचा त्या दिवसाचा भाव आणि घडणावळ वेगवेगळं लिहून घ्या. लाखेचा दागिना असेल तर ग्रॉस आणि नेट एकच आलं की उठून चालू लागा. हॉलमार्कचा खर्च म्हणून कुणी शेकडो रुपये लावले तर विचारा. सोन्याच्या एका नगाला ४५ रुपये आणि त्यावर कर, एवढाच तो आहे.

चांदीचं थोडक्यात, कारण तिथं नुकसान लहान आणि लबाडी तीच. त्याच पेढीवरून पैंजण घेतले होते, "नव्वद टंच" म्हणून, म्हणजे शंभरात नव्वद भाग चांदी. आटवल्यावर अठ्ठावन्न निघाला. घुंगरांच्या डाकातच निम्मं हिण. चांदीवरचा हॉलमार्क अजून ऐच्छिक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या चांदीवरही एचयूआयडी येतो, पण दुकानदारावर सक्ती नाही. म्हणून ९२५ की ८०० हे मागूनच घ्यावं लागतं. आणि जर्मन सिल्व्हर म्हणून जे मिळतं, त्यात तांबं, निकेल, जस्त असतं, चांदीचा कणही नसतो. नाव ऐकून फसलेली माझी एक सहकारी शिक्षिका आहे, म्हणून लिहिलं.

माझ्या पाटल्या मी लेकीला दिल्या. व्याह्यांच्या देखत, सासूबाईंच्या वेळच्या म्हणून सांगून. त्यांनी नको नको म्हटलं, पण जावयांनी बागेचा हप्ता त्यावरच भागवला.

गेल्या महिन्यात नातीच्या वाढदिवसाला पाच ग्रॅमची चेन घ्यायला दुसऱ्या दुकानात गेले. भिंग मागितलं, खुणा तीनही होत्या. मोबाईलवर बीआयएस केअर उघडून एचयूआयडी टाकला. कस बरोबर आला, तपासणी केंद्राचं नाव आलं, आणि दागिन्याच्या प्रकारापुढं लिहून आलं 'रिंग'. हातात माझ्या चेन. दुकानदाराला दाखवलं तर म्हणाला, "अ‍ॅपचं असं होतं कधीकधी, बाई." त्याच्या नोकरानं तोवर चहा आणून ठेवला होता. मी चहा घेतला, चेन काचेवर ठेवली आणि दुसरी दाखवायला सांगितली. तिचा नंबर टाकला, 'चेन' आलं. मग पक्कं बिल होईपर्यंत मी तिथंच बसून राहिले, मागं गिऱ्हाईक खोळंबलं होतं तरी.