२६० डॉलर आणि २३ जागा : फँटसी बेसबॉलच्या लिलावात पैसा ताऱ्यांवर लावावा की सर्वत्र वाटावा?

फँटसी बेसबॉलमध्ये प्रत्येक जण खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ लिलावातून बांधतो आणि त्या खेळाडूंच्या प्रत्यक्ष कामगिरीवर त्याला गुण मिळतात. अशा लिलावात प्रथमच उतरणाऱ्याला पहिल्या अर्ध्या तासातच एका प्रश्नाला सामोरे जावे लागते : अ‍ॅरन जज किंवा बॉबी विट ज्युनिअर अशा नामांकित फलंदाजांवरची बोली ४० डॉलरच्या पुढे गेलेली असताना आपण आणखी एक डॉलर वाढवायचा की हात आवरायचा? या प्रश्नाचे उत्तर लिलावाच्या खोलीत बसून शोधू नये, कारण तेथे विचाराला चार-पाच सेकंदांपेक्षा अधिक वेळ मिळत नाही. पैशांच्या वाटपाच्या दोन रूढ योजना आहेत आणि त्यांपैकी कोणती आपल्या लीगला, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या आपल्या गटाला, मानवेल, हे लिलावाच्या आठवडाभर आधी कागदावर ठरवता येते.

हा खेळ १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी न्यूयॉर्कमध्ये सुरू केला आणि मॅनहॅटनमधील ज्या उपाहारगृहात ही मंडळी जमत असत, त्याच्या नावावरून तो ‘रोटिसरी’ म्हणून ओळखला जाऊ लागला. आज रूढ असलेल्या मांडणीत १२ संघ असतात, प्रत्येकाकडे २६० डॉलर असतात आणि त्यांत १४ फलंदाज व ९ पिचर (चेंडू टाकणारे) असे २३ खेळाडू घ्यावे लागतात. धावा, होम रन, आरबीआय (आपल्या फटक्यावर संघाला मिळवून दिलेल्या धावा), स्टील (चोरलेले बेस) आणि फलंदाजीची सरासरी हे फलंदाजांचे पाच रकाने, तर विजय, सेव्ह (शेवटी येऊन राखलेली आघाडी), स्ट्राइकआउट, ईआरए (नऊ डावांमागे दिलेल्या धावा) आणि व्हिप (डावामागे दिलेले हिट व वॉक, म्हणजे चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळालेले बेस) हे पिचरांचे पाच. प्रत्येक रकान्यात पहिल्या संघाला १२ गुण मिळतात आणि शेवटच्याला १. बारा जणांचे मिळून ३१२० डॉलर होतात, पण बोली किमान १ डॉलरची असल्याने त्यांतले २७६ डॉलर नुसत्या जागा भरण्यासाठीच जातात. खरी चुरस उरलेल्या २८४४ डॉलरसाठी असते.

पहिली योजना ‘स्टार्स अँड स्क्रब्ज’ या नावाने ओळखली जाते. तीन खेळाडूंना समजा ४८, ४४ आणि ३८ डॉलर मोजले, तर निम्मे पैसे तेथेच संपतात आणि उरलेल्या २० जागांसाठी १३० डॉलर, म्हणजे सरासरी साडेसहा डॉलर हाती राहतात. प्रत्यक्षात आणखी काही जागा १२ ते १८ डॉलरच्या खेळाडूंनी भरल्या जातात आणि सात-आठ जागांवर एक-एक डॉलरवाले येतात. दुसऱ्या, समतोल योजनेत कोणालाही साधारण २८ डॉलरपेक्षा अधिक द्यायचे नाहीत असे आधीच ठरवून बहुतेक पैसा ८ ते २२ डॉलरच्या खेळाडूंवर घातला जातो. जागेमागे सरासरी ११ डॉलरच्या थोडे वर पडतात, हे लक्षात घेतले की या योजनेत एक डॉलरच्या खेळाडूंची संख्या दोन-तीनवर कशी येते ते कळते.

आपल्याकडच्या वाचकाला लिलाव म्हटला की आयपीएल आठवते, आणि नेमकी तीच आठवण येथे दिशाभूल करते. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाला झालेल्या लिलावात ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले. १२० कोटींच्या पर्समध्ये हे प्रमाण साडेबावीस टक्के होते, म्हणजे २६० डॉलरच्या हिशेबात साधारण ५८ डॉलर. ते आयपीएलमध्ये खपून जाते, कारण २५ जणांच्या ताफ्यातले एका सामन्यात १२ जणच उपयोगाला येतात आणि ३० लाखांत घेतलेला मुलगा हंगामभर डगआउटमध्ये बसला तरी संघाचे फारसे नुकसान होत नाही. रोटिसरीत मात्र तेवीसच्या तेवीस जागांचे आकडे दररोज मोजले जातात. तेथे एक डॉलरचा खेळाडू बाकावर बसला, तर तुमची ती जागा त्या दिवशी रिकामीच राहिली असे समजावे.

म्हणून माझ्या मते या तुलनेचा निकाल ताऱ्यांच्या भावावर ठरत नाही. लिलाव संपल्यानंतर तुमच्या लीगमध्ये फुकट काय उरते, यावर तो ठरतो. हा हिशेब कोणालाही करता येतो. मेजर लीगमध्ये अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगचे मिळून ३० संघ आहेत आणि २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये डेझिग्नेटेड हिटर (पिचरऐवजी फक्त फलंदाजी करणारा) आल्यामुळे प्रत्येक संघात ९ नियमित फलंदाज धरता येतात, म्हणजे एकूण २७०. बारा संघांच्या मिश्र लीगमध्ये, म्हणजे दोन्हींकडचे खेळाडू घेता येणाऱ्या स्पर्धेत, लिलावात १६८ फलंदाज विकले जातात आणि शंभराहून अधिक नियमित खेळणारे फलंदाज मोकळे राहतात. पंधरा संघांच्या मिश्र लीगमध्ये २१० विकले जातात आणि ६० उरतात. आता केवळ नॅशनल लीगचे खेळाडू वापरणारी १२ जणांची लीग घ्या. तेथे १५ संघांचे मिळून १३५ नियमित फलंदाज, आणि भरायच्या जागा १६८. म्हणजे ३३ जागांवर अशी माणसे येणार की जी आठवड्यातून दोन-तीन वेळा मैदानात उतरतात. कॅचरचे (पिचरचा चेंडू झेलणाऱ्याचे) दुखणे याहून मोठे आहे, कारण प्रत्येक संघाला दोन कॅचर लागत असल्याने २४ जागा होतात आणि नियमित कॅचर अवघे १५.

हे आकडे समोर ठेवले की ४० अधिक १ आणि २० अधिक २१ या दोन जोड्या एकाच किमतीच्या राहत नाहीत. मिश्र लीगमध्ये ‘४० अधिक १’ घेतलेल्याला आपला एक डॉलरवाला मे महिन्यात सोडून देता येतो आणि मोकळ्या राहिलेल्या शंभरांतून सहा-सात डॉलरच्या तोडीचा कोणीतरी फुकट उचलता येतो. त्याची जोडी मुळात ४१ डॉलरची असली तरी हंगामाच्या मध्यावर ती ४६-४७ ची होते. एकाच लीगच्या खेळाडूंवर चालणाऱ्या स्पर्धेत ही सोय नाही. तेथे एक डॉलरचा खेळाडू ऑक्टोबरपर्यंत तसाच गळ्यात राहतो, आणि म्हणूनच तेथे नियमित खेळण्याची हमी असलेला आठ डॉलरचा सामान्य फलंदाजही मोलाचा ठरतो. अशा लीगमध्ये नव्या माणसाने समतोल योजना सोडू नये, असे मी निःशंकपणे सांगेन.

ताऱ्यांच्या बाजूने बोलताना एक आकडेवारी नेहमी डोळ्यांपुढे ठेवावी. रॉनल्ड अकुन्या ज्युनिअरने २०२३ मध्ये ४१ होम रन, ७३ स्टील, १४९ धावा, १०६ आरबीआय आणि .३३७ ची सरासरी अशी कामगिरी केली. पाचही रकाने एकाच जागेतून भरणारा असा खेळाडू दोन मध्यम फलंदाज मिळून उभा करता येत नाही, कारण त्यासाठी दोन जागा खर्च होतात. पण पुढच्याच वर्षी मी न्यू जर्सीतल्या आमच्या बारा जणांच्या लीगमध्ये त्याला ५० डॉलरला आणि पिचर स्पेन्सर स्ट्रायडरला ३४ डॉलरला घेतले. स्ट्रायडर २०२३ मध्ये २० विजय आणि २८१ स्ट्राइकआउट करून आला होता. २०२४ मध्ये तो दोन सामने खेळला आणि एप्रिलमध्येच कोपराच्या शस्त्रक्रियेला गेला; २६ मे रोजी अकुन्याच्या डाव्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. माझ्या २६० पैकी ८४ डॉलर जूनच्या आधीच बुडीत खात्यात गेले. त्याच लिलावात जॅरन ड्युरन ६ डॉलरला गेला होता, आणि त्याने १११ धावा व ३४ स्टील दिले. समतोल योजनेने खेळणाऱ्याकडे असे ६ ते १५ डॉलरचे खेळाडू अधिक असतात, त्यामुळे त्यांतला एखादा फळाला येण्याची शक्यताही अधिक असते आणि एखादा जायबंदी झाला तरी घाव खोल जात नाही.

या अनुभवानंतरही मी मिश्र लीगमध्ये तारे घेणे सोडलेले नाही. मात्र पिचरला तारा म्हणून मोठे पैसे देणे सोडले आहे, आणि याचे कारण निव्वळ व्यावहारिक आहे : कोपर आणि खांद्याच्या दुखापतींमुळे पिचरचा संपूर्ण हंगाम बुडण्याचा धोका फलंदाजापेक्षा बराच मोठा असतो, आणि दरवर्षी नव्याने वर येणारे पिचरही संख्येने अधिक असतात. बहुतेक अनुभवी मंडळी फलंदाजांवर १८० आणि पिचरांवर ८० डॉलर अशी विभागणी करतात. फँटसी विश्लेषक रॉन शँडलरने १९९८ मध्ये मांडलेली ‘लिमा’ योजना तर पिचरांवर ६० डॉलरच घालायला सांगते आणि स्ट्राइकआउट अधिक व वॉक कमी असलेले, पण नाव न झालेले पिचर शोधायला लावते. तारे किंवा समतोल यांपैकी कोणतीही योजना निवडली तरी ही विभागणी स्वतंत्रपणे ठरवावी, असा माझा आग्रह आहे.

स्टीलचा भावही बदललेला आहे. २०२३ मध्ये पिच क्लॉक (ठरावीक सेकंदांत चेंडू टाकण्याचे बंधन) आला, बेसची बाजू १५ इंचांवरून १८ इंच झाली आणि पिचरने पहिल्या बेसकडे चेंडू टाकण्यावर मर्यादा आली. २०२२ मधील २४८६ स्टील एका वर्षात ३५०३ वर गेले. त्यामुळे केवळ धावण्यासाठी एखाद्याला २० डॉलर देण्याचे दिवस संपले आहेत, आणि याचा लाभ समतोल योजनेला होतो, कारण दहा-बारा स्टील देणारे मध्यम फलंदाज आता सर्वत्र मिळतात.

योजना कागदावर कितीही चोख असली तरी खोलीतले बाकीचे अकरा जण काय करतात, यावर भाव ठरतो. आठ-नऊ जणांनी तारे घेण्याचे ठरवले असेल, तर तासाभरात त्यांचे खिसे रिकामे होतात आणि १५ डॉलरचे खेळाडू ११-१२ ला मिळू लागतात. उलट सगळेच जपून खेळत असतील, तर मधल्या फळीची किंमत फुगते आणि तारेच स्वस्त पडतात. पहिल्या आठ-दहा बोलींकडे नीट पाहिले की वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे ते कळते. आपल्याला नको असलेले महागडे नाव आधी पुकारावे, ही जुनी युक्ती दोन्ही योजनांना लागू पडते.

तारे घेणाऱ्याची खरी परीक्षा शेवटच्या तासात होते. आमच्या लीगमध्ये चार संघ मराठी घरांतले असल्यामुळे बोली ‘एक वार, दोन वार’ अशीच मोजली जाते. माझ्यासमोर नेहमी एक आखीव कागद असतो आणि प्रत्येक खरेदीनंतर त्यावर तीन आकडे पेन्सिलीने लिहिले जातात : उरलेले पैसे, उरलेल्या जागा आणि मला लावता येणारी सर्वांत मोठी बोली. एका वर्षी तेथे ९, ६ आणि ४ असे आकडे होते, कारण उरलेल्या पाच जागांसाठी प्रत्येकी एक डॉलर राखावा लागतो. ज्या सेकंड बेसमनसमोर मी घरी ७ लिहून आलो होतो, त्याचे नाव पुकारले गेले. मी ४ म्हणालो, पलीकडून ५ आले, आणि तीन वार होईपर्यंत मला गप्प बसून राहावे लागले. समतोल योजनेतही चूक होतेच, फक्त ती उलट्या बाजूने होते. दुसऱ्या एका लिलावाच्या अखेरीस माझ्याकडे १३ डॉलर शिल्लक होते आणि त्यांचा काहीही उपयोग नव्हता, कारण भाव मनासारखा उतरण्याची वाट पाहता पाहता घेण्याजोगे सगळे संपून गेले होते.

वेळेचाही विचार प्रामाणिकपणे करावा. ताऱ्यांची योजना एप्रिल ते जून या काळात दर रविवारी मोकळ्या खेळाडूंची यादी चाळणाऱ्यालाच फळते, आणि लीगमध्ये हंगामातल्या खरेदीसाठी १०० किंवा १००० डॉलरचा वेगळा निधी असेल, तर त्याचा मोठा भाग पहिल्या दोन महिन्यांत वापरण्याची तयारी लागते. ज्याला नोकरी आणि मुलांच्या शाळेच्या धावपळीत एवढे लक्ष देता येणार नाही, त्याने मिश्र लीगमध्येही समतोल संघच बांधावा.

खेळाडू पुढच्या वर्षासाठी राखता येणाऱ्या कीपर लीगमध्ये मात्र वरचे सगळे भाव बदलून घ्यावे लागतात. समजा, १००० डॉलर मोलाचे खेळाडू सर्वांनी मिळून ७०० डॉलरमध्ये राखले, तर खोलीत २४२० डॉलर उरतात आणि विकायला आलेल्या खेळाडूंचे मोल २१२० डॉलर भरते, म्हणजे प्रत्येक भाव सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. चाळिसाचा खेळाडू तेथे ४५-४६ ला गेला तर तो महाग गेला असे म्हणता येत नाही, आणि ही वाढ व्यवहारात सगळ्यांवर सारखी न पडता वरच्या आठ-दहा नावांवरच अधिक पडते, कारण एक डॉलरचा खेळाडू एक डॉलरलाच जातो. अशा लीगमध्ये ज्याच्याकडे स्वस्तात राखलेले पाच-सहा चांगले खेळाडू आहेत, त्याने त्या वाढीव भावाने दोन तारे निर्धास्तपणे घ्यावेत. त्याचा समतोल पाया गेल्या वर्षीच घातला गेलेला असतो.