तेलात पेट्रोल उतरतंय का? घरी बघावं, मिस्त्रीकडे न्यावं की लॅबला द्यावं

माझी पद्मिनी गाडी 1986 ची. हजार किलोमीटरला अर्धा लिटर तेल ती खातेच, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मागच्या डिसेंबरात नागपुरात धरमपेठ ते बर्डी अशा रोजच्या छोट्या फेऱ्या चालू होत्या आणि महिनाभर गेजवरची, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायच्या पट्टीवरची, तेलाची पातळी जागची हलली नाही. मला वाटलं, इंजिन सुधारलं. मिस्त्रींनी गेज ओढला, तेल बोटांत चोळलं, हुंगलं आणि म्हणाले, "भाऊ, तेल खाणं नाही थांबलं. आत पेट्रोल पडून राह्यलं."

जुनी गाडी असलेल्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. पातळी वाढली तरच संशय घ्यायचा असं नाही; तेल खाणाऱ्या इंजिनाची पातळी स्थिर राहिली तरी तेवढाच संशय घ्या. पेट्रोलमुळे तेल पातळ होतं. क्रँक आणि बेअरिंगमध्ये तेलाचा जो थर असतो तो टिकत नाही, सिलेंडरच्या भिंती धुतल्या जाऊन पिस्टनच्या रिंगा झिजतात. दुरुस्ती लांबवण्यासारखा हा दोष नाही.

घरच्या तपासणीला पैसे लागत नाहीत, आणि नीट केली तर ती बरंच सांगते. गाडी सपाट जागी लावा, सकाळी सुरू करण्याआधी गेज बघा, आकडा तारखेसह वहीत लिहा. एकट्या वासावर जाऊ नका, कारण वापरलेल्या तेलाला थोडा पेट्रोलचा वास येतोच. शेजारी त्याच ग्रेडचं नवं तेल ठेवून दोन्ही हुंगा, मग फरक कळतो. टॅपेट कव्हरच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसला तर पेट्रोलऐवजी पाण्याचा शोध घ्या. मात्र थंडीत छोट्या फेऱ्यांमुळे दमटपणानेही तो थोडा धरतो. टीपकागदावर थेंब टाकून कडेचं कडं बघायची पद्धत अनेकजण सांगतात. डिझेलसाठी ती ठीक आहे; पेट्रोल कागदावरून उडून जातं, म्हणून मी तिच्यावर निर्णय घेत नाही. तेल बोटाला पातळ लागलं एवढ्यानेही पेट्रोल सिद्ध होत नाही. 20डब्ल्यू-50 सारखं मल्टिग्रेड, म्हणजे थंडी-गरमी दोन्हींत चालणारं, तेल वापराने आपोआपही थोडं पातळ होतं.

गेजच्या टोकाला काडी लावून बघणारे अजूनही भेटतात. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखाली तेल साठतं तिथे, पेट्रोलची वाफ असताना शेजारी काडी ओढणं जिवावर बेतू शकतं. कुणालाही करू देऊ नका.

मिस्त्रीकडच्या तपासणीचं मोल वेगळं आहे, कारण पेट्रोल कुठून येतं हे तिथेच कळतं. पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन असो की अँबेसेडरचं 1489 सीसीचं, टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप इंजिनाच्या ब्लॉकला बसवलेला असतो आणि कॅमशाफ्टच्या जोरावर चालतो. आत डायफ्राम, म्हणजे लवचिक पडदा, असतो: एका अंगाला पेट्रोल, दुसऱ्या अंगाला चेंबरकडे जाणारी वाट. तो चिरला की पंपाच्या प्रत्येक झटक्याला थोडं पेट्रोल थेट तेलात. इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, आणि आता पेट्रोल भरायच्या पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. त्यामुळे आधी इंजिनावरचा पंप उतरवा, हे माझं स्पष्ट मत. इंजिन थंड हवं, बॅटरीची वायर काढलेली हवी. माझा पंप उतरवला तेव्हा ब्लॉककडची बाजू ओली होती. डायफ्राम काढून मिस्त्रींनी उन्हाकडे ताणून धरला, तर घडीच्या रेषेवर केसाएवढी चीर आणि तिच्यातून उजेड.

पंप कोरडा निघाला तर कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. त्यात येणारं पेट्रोल वेळेवर अडवणारी फ्लोटची निडल नीट बसत नसेल किंवा थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारा चोक पूर्ण उघडत नसेल तर जास्तीचं पेट्रोल सिलेंडरमधून खाली उतरतं. आपल्या मे महिन्यात, 45 अंशांत, गाडी बंद केल्यावर इंजिनाच्या उष्णतेने नळीतलं पेट्रोल फुगतं आणि कमकुवत निडलला ढकलून पुढे जातं. एअर क्लीनर काढून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी टॉर्चने कार्बोरेटरच्या घशात बघा. थेंब गळताना दिसतात. कुणी इलेक्ट्रिक पंप लावून दिला असेल तर त्याचा दाब तपासा. कार्बोरेटरला 3 पीएसआयच्या आसपास पुरतो, इंजेक्शनच्या गाडीचा पंप 40 च्या वर देतो. प्लग नीट जळत नसेल तर तेही कारण, पण ते गाडी अडखळून स्वतःच सांगते.

लॅबमध्ये प्रमाण कळतं, कारण कळत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी मी तिकडे जाणार नाही. पंप, निडल, चोक सगळं झालं आणि तरी पातळी चढतेय, किंवा कुणाची जुनी गाडी विकत घ्यायची आहे आणि इंजिन उघडायला मालक तयार नाही, तेव्हा लॅब हवी. नमुना पेट्रोल इंजिनचा आहे हे सांगा, कारण डिझेलची पद्धत वेगळी असते. 100 अंशांवरची व्हिस्कॉसिटी (तेलाचा घट्टपणा), फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला तेलाची वाफ पेट घेते ते) आणि गॅस क्रोमॅटोग्राफी (मिसळलेलं पेट्रोल वेगळं करून मोजणारी चाचणी) मागा. नव्या तेलाचा फ्लॅश पॉइंट साधारण 200 अंशांच्या वर असतो, पेट्रोल मिसळलं की तो झपाट्याने घसरतो. त्याच ग्रेडच्या नव्या तेलाची एक बाटली सोबत द्या, नाहीतर आकडे कशाशी ताडायचे? नमुन्याची बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद करा आणि उन्हात ठेवू नका. नमुन्याआधी बुटीबोरीपर्यंत लांब फेरी मारू नका. गरम तेलातून हलकं पेट्रोल उडून जातं आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो.

याच गोष्टीचा उलटा उपयोगही होतो. पातळी किंचितच वाढली असेल आणि तुमच्या फेऱ्या दोन-तीन किलोमीटरच्याच असतील, तर एक लांब फेरी मारून बघा. पातळी उतरली तर दोष थंड इंजिनाचा आणि चोकचा. फेरीनंतरही चढली तर पंपाकडे वळा. मात्र गेजची वरची खूण ओलांडलेली असेल तर गाडी सुरूच करू नका, उचलून न्या.

माझ्याकडे डायफ्राम किट बदललं, तेल आणि फिल्टर त्याच दिवशी. एका गॅरेजने त्याआधी पंप न बघता दोनदा नुसतं तेलच बदललं होतं. आता दोनशे किलोमीटरमध्ये पातळी गेजवर जरा उतरली आहे, म्हणजे गाडी पुन्हा पूर्वीसारखी तेल खाते आहे. वहीत तसं लिहून ठेवलंय.