जुनी गाडी: कुठली कामं घरी, कुठली गॅरेजला?

दहा-पंधरा वर्षांची वॅगनआर किंवा अल्टो दारात असली, की दर बारीकसारीक कामाला नाशिकमधल्या द्वारका नाहीतर अंबडचं गॅरेज गाठावं लागत नाही. मात्र काम सोपं दिसतंय एवढ्यावरून ते घरी करायला घेऊ नका. हात चुकला तर ती चूक कुठे कळेल, हे आधी बघा. सोसायटीच्या पार्किंगमध्येच कळणार असेल, तर खुशाल घरी करा. कसारा घाट उतरताना कळणार असेल, तर गाडी मेकॅनिककडे द्या.

एअर फिल्टरसाठी मजुरी मोजणं आम्हाला पटत नाही. क्लिपा किंवा स्क्रू काढले की डबा उघडतो. फिल्टर उजेडासमोर धरा. घड्यांमधून उजेड दिसेनासा झाला असेल तर नवा घाला. दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षबागांच्या कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीला तो पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरच्या बराच आधी लागतो. गॅरेजमध्ये जुनाच फिल्टर कॉम्प्रेसरच्या हवेनं साफ करून परत बसवतात. जोराच्या हवेनं कागद फाटला, तर धूळ सरळ इंजिनात जाते. घरी करताना डबा आतून ओल्या फडक्यानं पुसून घ्या आणि फिल्टरची रबरी कड चारही बाजूंनी खाचेत बसली का, ते बोट फिरवून पाहा.

बॅटरीच्या बाबतीत तर घरी तपासण्यात फायदाच जास्त. सेल्फ नीट मारत नाही म्हणून दुकानात गेलं की बहुतेक वेळा नवी बॅटरी गळ्यात पडते. त्याआधी साधा मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. गाडी चालू केल्यावर आकडा १३.८ ते १४.५च्या दरम्यान हवा. चालू गाडीतही तो साडेबारालाच अडकला, तर आधी अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारं यंत्र) आणि त्याचा बेल्ट तपासून घ्या, नाहीतर नवी बॅटरीही आठवड्यात बसेल. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल, तर आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह वायर सोडवा. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशनं घासा, कोरडं करा आणि वायरी उलट क्रमानं जोडून वरून व्हॅसलिन लावा. बऱ्याचदा दुखणं एवढ्यावरच थांबतं.

इंजिन ऑइल मात्र दोन्हीकडे झुकणारं काम आहे. लहान पेट्रोल गाडीला फिल्टरसकट साधारण तीन लिटर ऑइल लागतं. घरी केलं तर सीलबंद डब्यातलं, योग्य ग्रेडचंच पडलं याची खात्री असते. पण गाडीसोबत येणारा जॅक चाक बदलण्यापुरताच असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरणं म्हणजे जिवाशी खेळ. जॅक स्टँड (उचललेली गाडी पेलून धरणारे पक्के टेकू) नसतील तर आपण ऑइल आणून द्यावं, गॅरेजमध्ये समोर उभं राहून बदलून घ्यावं. घरीच करणार असाल तर जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे बघितल्याशिवाय नवा लावू नका. दोन रिंगा एकावर एक आल्या की गाडी चालू होताच ऑइल बाहेर उसळतं. नव्या रिंगेला ऑइलचं बोट लावा आणि ती टेकल्यावर हातानंच पाऊण फेरा आवळा. ड्रेन बोल्टला नवा वॉशर घाला. गळू नये म्हणून जास्त आवळला की आटे जातात. शेवटी काडीवर पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी, जास्त भरलं तर त्याचा फेस होतो. जळकं ऑइल गटारात ओतू नका, गटाराचं पाणी शेवटी गोदावरीतच जातं. रिकाम्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या.

ब्रेकचं काम गॅरेजलाच द्या. घरी फक्त बघायचं. चाकाच्या फटीतून ब्रेकचा पॅड ३ मिलिमीटरपेक्षा पातळ दिसला की दिवस लावू नका. ब्रेक ऑइलची पातळी उतरली म्हणून नुसतं वरून भरणं हा चुकीचा उपाय आहे: एकतर पॅड झिजलेत, नाहीतर कुठेतरी गळतंय, आणि भरल्यानं दोन्ही झाकलं जातं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं. नवं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओलावा धरलेलं १४० अंशांच्या आसपास उकळू शकतं. घाटात सतत ब्रेक दाबले की नेमकं हेच होतं: वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली बसतं. दर दोन वर्षांनी ते बदलून, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून घ्या.

टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) आणि एअरबॅगला घरी हात लावू नका. अल्टो ८००ला बेल्ट असतो, के-सीरिज इंजिनाच्या वॅगनआरला त्याऐवजी चेन, त्यामुळे ‘बेल्ट बदलायचाय’ असं कोणी म्हणालं तर कुठला बेल्ट ते विचारा. आणि गाडी ब्रेकसाठी दिली असेल तर जुने पॅड डिकीत ठेवायला सांगा. चारही पॅड सारखे झिजलेत का, ते घरी हातात घेऊन बघता येतं. एकाच चाकाचे जास्त झिजले असतील, तर तिथला कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकतोय.